बाजूला काढलेली चिठ्ठी

आमच्या चर्चमध्ये प्रोजेक्टर मी चालवते. 14 वर्षं झाली. शेवटच्या बाकामागे एक टेबल आहे; त्यावर लॅपटॉप, साउंडचा मिक्सर आणि वायरींचा असा गुंता, की सोडवायला जाल तर उपासनाच बंद पडेल. कडवं संपत आलं की पुढचं पडद्यावर आणायचं, पाळकांनी वचन सांगितलं की ते काढून द्यायचं, आणि माइक कुईं करायला लागला की सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे बघायचं, असा साधारण कार्यक्रम.

या जागेवरून लोकांच्या पाठी दिसतात. व्यासपीठावरून दिसतात ते चेहरे, आणि चर्चमध्ये चेहरे शिस्तीत वागतात. पाठींना ते जमत नाही. उपदेश कुठे घसरला हे मला खांद्यांवरून कळतं. कोण गातंय आणि कोण नुसतं उभं आहे, तेही कळतं. तरुण मुलं एकदम जात नाहीत, हेही मला इथूनच कळलं. आधी ती तिसऱ्या बाकावरून सातव्यावर येतात. मग माझ्या टेबलाजवळ, दाराशी. मग एखादा रविवार चुकतो. भांडून गेलेलं कुणी मला आठवत नाही. भांडले असते तर निदान कशावरून ते तरी समजलं असतं.

कमिटीच्याही हे लक्षात आलं, उशिरा का होईना, आणि बाहेरून एक वक्ते बोलावले गेले. विषय: उत्तराधुनिक संस्कृतीचं आव्हान. वक्त्यांनी पेन ड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. 64 स्लाइड्स होत्या. मी मनात म्हटलं, आज काही लवकर घरी जाणं नाही.

तिसऱ्या स्लाइडवर दोन रकाने होते. डावीकडे ‘आधुनिक’, उजवीकडे ‘उत्तराधुनिक’. डावीकडे तर्क, विज्ञान, प्रगती, एकच सत्य. उजवीकडे भावना, अनुभव, संशय, ज्याचं त्याचं सत्य. उजवा रकाना लाल अक्षरांत. वक्ते म्हणाले, आपली मुलं या लाल रकान्यात अडकलीत, त्यांना परत आणायचंय. परत कुठे, डाव्या रकान्यात? मला हसू आलं. शंभर वर्षांपूर्वी चर्चची सगळी भांडणं त्या डाव्या रकान्याशीच तर चालली होती! चमत्कार होतात का, सृष्टी सहा दिवसांत झाली का, पवित्र शास्त्राला इतर जुन्या ग्रंथांसारख्या कसोट्या लावाव्यात की नाही. आता तोच जुना वैरी घरचा माणूस होऊन बसला होता आणि त्याच्या बाजूनं आम्ही नव्या वैऱ्याशी लढणार होतो.

सोळाव्या स्लाइडवर फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-फ्रान्स्वा ल्योतार आला. त्याच्या नावापुढे ‘महाकथनांवर अविश्वास’ एवढंच (महाकथन म्हणजे सगळ्या जगाचा अर्थ सांगू पाहणारी थोरली कथा), आणि खाली ठळक अक्षरांत वक्त्यांचा निष्कर्ष: म्हणजेच बायबलवर अविश्वास. एवढ्या झटक्यात माणूस निकालात निघालेला बघून मला त्याच्याबद्दल वाचावंसं वाटलं, आणि पुढचे काही महिने मी वाचत राहिले. ते प्रसिद्ध वाक्य ज्यात आहे ते लेखन म्हणजे खरं तर एक अहवाल आहे, 1979 चा, कॅनडातल्या क्वेबेक सरकारच्या विद्यापीठ परिषदेनं करून घेतलेला. संगणकाच्या काळात ज्ञानाचं काय होणार, हा त्याचा विषय. त्यात ल्योतारचा रोख मुख्यतः आधुनिक युगाच्या स्वतःच्या थोरल्या कथांवर आहे: विज्ञान माणसाला मुक्त करणार, इतिहास एका ठरलेल्या दिशेनं पुढे चाललाय, वगैरे. तरुणपणी तो अल्जीरियात शिक्षक होता, पुढे दहा-बारा वर्षं डाव्या चळवळीत राबला. सगळ्यांच्या भल्याची गोष्ट सांगणारे त्या गोष्टीपायी कुणाकुणाला तुडवतात, हे त्यानं जवळून पाहिलं असणार.

नंतरच्या लेखनात ख्रिस्ती तारणाची कथाही त्यानं त्या यादीत घातली, तेव्हा वक्ते अगदीच खोटं बोलत नव्हते. पण जेम्स के. ए. स्मिथ या ख्रिस्ती तत्त्वज्ञानं 2006 मध्ये याला एक छान उत्तर दिलंय. त्यांचं म्हणणं साधारण असं: ल्योतारचा आक्षेप कथा मोठी असण्याला नाहीच. ‘माझी ही कथा नाहीच, हे तर निव्वळ तर्कानं सिद्ध झालेलं, कुणालाही मान्य करावंच लागेल असं ज्ञान आहे’ असा आव आणणाऱ्या कथांना आहे. बायबल तर उघड उघड विश्वास मागतं. मग उत्तराधुनिक माणसानं ‘सगळेच कुठल्या ना कुठल्या विश्वासावर उभे असतात’ म्हटलं, तर चर्चनं घाबरायचं कशाला? उलट बसायला खुर्ची द्यावी.

हा युक्तिवाद मला आवडतो. पण रविवारी सकाळी टेबलामागे बसून पाठी बघताना तो पुरत नाही. मुलांना कथेच्या तात्त्विक दर्जाशी काही देणंघेणं नसतं. कथा सांगणारा माणूस मात्र त्यांना पक्का ठाऊक असतो. तो घरी कसा वागतो, कमिटीत कसा बोलतो, चूक झाली की काय करतो. अविश्वास सुरू होतो तो तिथे.

तिसाव्या स्लाइडच्या आसपास हत्ती आला. आंधळे आणि हत्तीची गोष्ट सगळ्यांनाच माहीत आहे. सोंड धरणारा म्हणतो साप, पाय धरणारा म्हणतो खांब. वक्ते म्हणाले, आजची मुलं धर्मांबद्दल असंच बोलतात. पण ही गोष्ट सांगणाऱ्याला अख्खा हत्ती दिसतोय, हे कुणाच्या लक्षात येतं का? बाकी सगळे आंधळे आणि मी तेवढा डोळस, असा त्यात दावा लपलेला आहे. बाकांवर माना डोलल्या.

हा मुद्दा मूळचा लेस्ली न्यूबिगिन यांचा, 1989 च्या त्यांच्या एका पुस्तकातला. वक्त्यांनी नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं, कारण हा माणूस त्या 64 स्लाइड्सपेक्षा मोठा आहे. जन्म 1909 चा, इंग्लंडमधला. 1936 मध्ये मिशनरी म्हणून भारतात आले. 1947 मध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झालं तेव्हा त्याच्या पहिल्या बिशपांपैकी एक. 1974 मध्ये निवृत्त होऊन परत निघाले तेव्हा नवरा-बायको विमानात बसले नाहीत. मिळेल त्या बसनं, जमिनीवरून, मजल दरमजल करत इंग्लंडला पोचले. वाटेत दर रविवारी कुठल्या ना कुठल्या मंडळीबरोबर उपासना झाली. फक्त तुर्कस्तानातल्या कप्पदुकियात त्यांना कुणीच भेटलं नाही. तिथे दोघांनीच केली. हा तपशील वाचून मी थांबले. चौथ्या शतकात ज्या भागानं बेसिल आणि दोघे ग्रेगरी असे तीन मोठे धर्मपंडित दिले, तिथे सोबत प्रार्थना करायला माणूस नाही. चर्च एखाद्या ठिकाणाहून पूर्ण जाऊ शकतं, हे त्यांनी इंग्लंडला पोचण्याआधीच पाहिलं.

घरी पोचल्यावर त्यांना विचारलं गेलं, परत आल्यावर सगळ्यांत जड काय गेलं? त्यांचं उत्तर होतं, इथल्या लोकांची आशा गेली आहे. मग सत्तरीत या गृहस्थांनी बर्मिंगहॅममध्ये तुरुंगासमोरच्या वस्तीतलं, बंद पडायला आलेलं एक छोटं चर्च सांभाळायला घेतलं. जगभर व्याख्यानं देणारा बिशप दारोदार जाऊन लोकांशी बोलत होता, आणि भारतात मिळालं नाही एवढं थंड स्वागत इथे मिळतं असं सांगत होता. शुभवर्तमानाचा अर्थ लोकांना कसा कळणार, यावर त्यांचं उत्तर पुढे खूप गाजलं: त्यावर विश्वास ठेवून जगणारी मंडळी बघूनच. दुसरं भाष्य नाही.

हत्तीचा मुद्दा मला बिनतोड वाटतो. तरी तो व्यासपीठावरून ऐकताना पाठी बघून मला जाणवलं, की पुढच्या बाकांवरच्या माना डोलताहेत आणि मागच्या हललेल्याच नाहीत. ‘मला अख्खा हत्ती दिसतो’ म्हणून उंचावर उभं राहायची सवय नेमकी कुणाला आहे, हे मागच्या बाकांना माहीत होतं. न्यूबिगिन तो मुद्दा तुरुंगासमोरच्या गल्लीत उभं राहून मांडत होते. आमच्याकडे तो दीड फूट उंचीच्या व्यासपीठावरून, कॉलर माइक लावून आला.

व्याख्यानाचं फलित म्हणून महिन्यातून एकदा तरुणांची संध्याकाळची उपासना सुरू झाली. भिंतींवर काळे पडदे, ट्यूबलाइट बंद, मेणबत्त्या, बाक हलवून अर्धगोल. ऑर्गनऐवजी गिटार आणि एक ड्रमसदृश पेटी. पडद्यावर मी धुक्यातल्या डोंगरांचे फोटो लावायचे. ते कुणी ठरवलं ते आता आठवत नाही, पण धुकं हवंच असा आग्रह होता. आणि शेवटी प्रश्नोत्तरं. दाराशी बुटांचा एक रिकामा खोका ठेवला, वर चीर पाडली. मनात येईल ते विचारा, नाव लिहू नका.

पहिल्या संध्याकाळी 21 चिठ्ठ्या आल्या. खोका उघडण्याआधी कमिटीतले एक जण माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, “ताई, जरा आधी बघून घ्या. वेडंवाकडं काही नको पाळक साहेबांसमोर.” मी बघून घेतलं. 21 मधल्या सहा पुढे पाठवल्या. उपास कसा करावा, मोबाइलवर बायबल वाचलं तर चालतं का, असले. उरलेल्या 15 लॅपटॉपच्या बॅगेत टाकल्या.

हे मी केलं. कमिटीनं सांगितलं हे खरं, पण हात माझे होते, आणि खरं सांगायचं तर मला त्यात काही गैर वाटलंही नाही. पाळक साहेब नवे होते, माणूस मऊ आहे, चारचौघांत त्यांची फजिती नको, एवढाच विचार. त्या 15 मध्ये तीन चिठ्ठ्या टवाळ होत्या. एक शिवराळ. चार लग्नाआधीच्या संबंधांबद्दल. एकीत देणगीच्या हिशेबाचा प्रश्न होता, त्यात आकडे इतके बरोबर होते की लिहिणारा नक्की कुणातरी कमिटीवाल्याच्या घरातला असणार. आणि एक चौकटीच्या वहीच्या कागदावर, निळ्या बॉलपेननं:

‘हे सगळं खरं नसेल असं तुम्हाला कधी वाटलंय का? तेव्हा तुम्ही काय केलंत?’

‘खरं’ या शब्दावर पेन दोनदा फिरवलेलं होतं. आधी दुसरा कुठला तरी शब्द लिहून त्यावर हा गिरवला असावा.

मी ती पुन्हा पुन्हा वाचली. त्यात देव आहे की नाही याचा पुरावा मागितलेला नव्हता. पुरावा मागितला असता तर आमच्याकडे 64 स्लाइड्स होत्या. त्यात विचारलं होतं ‘तुम्हाला’. आणि ‘काय केलंत’. लाल रकान्यातलं मूल लाल रकान्यातलाच प्रश्न विचारत होतं, अनुभवाचा, आणि मी तो बॅगेत टाकला होता.

पहिल्या खेपेला 40 मुलं होती, दुसऱ्या खेपेला 31, चौथ्या खेपेला 12. सहाव्या महिन्यात उपासना बंद केली. पडदे आता ऑर्गन झाकायला वापरतो.

मेणबत्त्या आणि अंधार काही आम्ही शोधला नव्हता. इंग्लंडमध्ये शेफील्डला 1986 मध्ये एका अँग्लिकन चर्चनं रात्री नऊची उपासना सुरू केली, ‘नाइन ओ’क्लॉक सर्व्हिस’ म्हणून. क्लबमधलं नाचाचं संगीत, मोठे पडदे, चलच्चित्रं, काळे कपडे. कधी चर्चची पायरी न चढलेली शेकडो तरुण मुलं यायला लागली. बिशप खूश, वर्तमानपत्रं खूश. तिथल्या पुढाऱ्याची पाळकपदाची दीक्षा नेहमीपेक्षा घाईनं उरकण्यात आली, कारण एवढं यश थांबवून ठेवायचं कसं? 1995 मध्ये स्त्रिया पुढे येऊन बोलल्या आणि सगळं कोसळलं. त्या माणसानं आपल्या मंडळीतल्या बायकांचं वर्षानुवर्षं शोषण केलं होतं. न्यायालयानं त्याला दोषी ठरवायला 2025 साल उजाडलं.

अमेरिकेत सिअॅटलला 1996 मध्ये मार्स हिल नावाचं चर्च निघालं. शिकवण जुनी, कडक, वेश आणि संगीत तिथल्या रॉक बँडसारखं, पाळक जीन्समध्ये. वाढत वाढत 15 ठिकाणी पसरलं. 2014 मध्ये संस्थापकाच्या दादागिरीच्या तक्रारी वाढल्या, त्यानं राजीनामा दिला, आणि काही आठवड्यांत सबंध संस्था विसर्जित करायचं जाहीर झालं. वर्षअखेरीला ती संपलीसुद्धा.

शेफील्डचे लोक उदारमतवादी, प्रयोगशील; सिअॅटलचे सनातनी. संस्कृतीशी नातं कसं जोडावं यावर दोघांचं एकमत होणं शक्य नव्हतं. तरी दोन्हीकडे एकच गोष्ट जुनीच्या जुनी राहिली होती: माइक कुणाच्या हातात आणि त्याला कोण विचारणार. मला वाटतं ल्योतारनं सांगितलेला अविश्वास नेमका यासाठीच आहे. तो मुलांच्या अंगात आला असेल तर तो रोग म्हणून बघू नये. कुठून तरी धूर येतोय म्हणून नाक हुंगणाऱ्याला आपण सर्दी झालीय म्हणून औषध देत बसलो.

सगळेच प्रयोग वाईट असतात असं मी म्हणत नाही. इंग्लंडच्या चर्चनं 2004 मध्ये एक अहवाल काढला, की लोक आता इमारतीभोवती राहत नाहीत, ओळखीपाळखीच्या जाळ्यांत राहतात, तेव्हा मंडळीही तिथे उभ्या राहू द्या. त्यातून बरंच काही उगवलं. त्याच सुमारास सुरू झालेलं ‘मेसी चर्च’ म्हणजे मुलांनी रंग-गोंद घेऊन पसारा घालत केलेली उपासना. ती कितीतरी देशांत पोचली. 2019 च्या उन्हाळ्यात नॉरविच कॅथीड्रलच्या आत चक्क जत्रेतली गोल घसरगुंडी उभी केली, सुमारे 55 फुटी. टीका धो धो झाली. पण त्यांचं कारण ऐका: त्या छतावर मध्ययुगीन कोरीव शिल्पं आहेत, हजाराहून जास्त, आणि खालून ती कुणाला धड दिसत नाहीत. घसरगुंडीच्या माथ्यावर चढलं की दिसतात. शेवटच्या दिवशी बिशपनी त्या घसरगुंडीवर बसूनच उपदेश केला. मला हे ऐकून आवडलं, लाजत लाजत का होईना. लोकांना वर चढू दिलं होतं ना! (त्याच उन्हाळ्यात रॉचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये मिनी गोल्फ मांडलं होतं. त्याचं समर्थन मला अजून सापडलेलं नाही.)

मला खरी उत्सुकता वाटते ती हेलसिंकीची. तिथे 1988 पासून मिकाएल अग्रिकोला चर्चमध्ये ‘थोमाची उपासना’ होते. थोमा म्हणजे तोच, जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हणाला तो. संशय घेणाऱ्यांसाठी म्हणून मुद्दाम त्याचं नाव. ती चालवतात बहुतांशी साधी, स्वयंसेवक माणसं. मधे बराच वेळ मोकळा असतो. लोक उठून इकडेतिकडे जातात, कुणी मेणबत्ती लावतं, कुणी वेदीपाशी आपली प्रार्थना कागदावर लिहून ठेवतं, कुणी नुसतं बसून राहतं. मेणबत्त्या आहेत, कागद आहेत. आमच्याकडेही हे दोन्ही होतं. फरक एवढाच, की तिथे नावच संशयी माणसाचं आहे, आणि आम्ही संशयाच्या चिठ्ठ्या बॅगेत टाकल्या.

फ्रान्समधल्या तेझेचंही तसंच. 1940 मध्ये ब्रदर रोजे त्या खेड्यात आले, पुढे निरनिराळ्या पंथांच्या बांधवांचा मठ झाला. उन्हाळ्यात दर आठवड्याला हजारो तरुण येतात, तंबूत राहतात, दिवसातून तीनदा प्रार्थनेला बसतात. एक ओळ पुन्हा पुन्हा गायची, आणि मग लांबलचक शांतता. उपदेश जवळजवळ नाहीच. बांधव देणग्या घेत नाहीत, स्वतः भांडी घडवून वगैरे पोट भरतात, आणि आलेल्या मुलांना आपल्या संघटनेत ओढत नाहीत. घरी जा, आपापल्या मंडळीत जा, म्हणतात. 2005 मध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेतच एका मनोरुग्ण बाईनं रोजे यांना भोसकून मारलं. ते नव्वद वर्षांचे होते. तेझे तसंच चालू राहिलं, कारण ते एका माणसाच्या आवाजावर उभं नव्हतं.

कॅथलिक चर्चकडे मी बाहेरून बघते, त्यामुळे जपून लिहिते. 2005 मध्ये पोपची निवड सुरू होण्याआधीच्या प्रवचनात कार्डिनल रात्सिंगर यांनी सापेक्षतावादाच्या, म्हणजे ‘ज्याचं त्याचं सत्य’ या वृत्तीच्या, हुकूमशाहीविरुद्ध इशारा दिला. दुसऱ्याच दिवशी ते पोप झाले. 2013 मध्ये त्यांच्यानंतर आलेले फ्रान्सिस म्हणाले, चर्च हे युद्धानंतरच्या इस्पितळासारखं हवं. गंभीर जखमी माणसाला आधी कोलेस्टेरॉल किती ते विचारत नाहीत. वर्तमानपत्रांनी या दोघांना समोरासमोर उभं केलं. मला मात्र त्यापेक्षा 2023 च्या सिनॉडमधला, म्हणजे व्हॅटिकनमधल्या धर्मसभेतला, एक फोटो बोलका वाटतो: कार्डिनल, बिशप, नन, सामान्य माणसं, सगळे गोल टेबलांभोवती. काही जणांचं बोलून झालं की सगळ्यांनी गप्प बसायचं, ऐकलेलं मुरू द्यायचं. स्त्रियांना पहिल्यांदाच मत. त्यातून फार काही बदललं नाही असं म्हणणारे आहेत, आणि असतीलही बरोबर. पण खुर्च्यांची मांडणी बदलायला दोन हजार वर्षांच्या संस्थेला किती जीव काढावा लागला असेल, हे मी जाणते. आमच्याकडे अर्धगोल बाकांवरूनही दोन मीटिंगा झाल्या होत्या.

माझे बाबा पाळक होते. व्यासपीठावर ‘मला माहीत नाही’ असं ते एकदाही म्हणाले नाहीत. त्या पिढीच्या पाळकांना ती मुभा नव्हती. घरी म्हणायचे. कधी रात्री उशिरा, आईला. मी भिंतीपलीकडून ऐकायचे आणि घाबरायचे, की बाबांनाच माहीत नाही तर कुणाला?

एकदा मंडळीतलं एक सहा वर्षांचं मूल गेलं. बाबांनी विधीला लांबलचक उपदेश लिहिला होता, कागद खिशात होते. उभे राहिले, कागद काढले नाहीत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र उघडलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. ते स्तोत्र काळोखाच्या शब्दाशी संपतं, बहुतेक विलापांसारखं शेवटी स्तुतीकडे वळत नाही. वाचून झाल्यावर बाबा खाली बसले, मुलाच्या आईवडिलांच्या शेजारी, जमिनीवर. पुढच्या आठवड्यात तक्रार आली की पाळकांनी आशेचा एक शब्दही काढला नाही. त्या मुलाची आई मात्र पुढे बाबा जाईपर्यंत दर रविवारी येत होती. बाबांना उत्तराधुनिक वगैरे शब्द माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. पण ‘तेव्हा तुम्ही काय केलंत’ या प्रश्नाला त्यांच्याकडे एक उत्तर होतं, आणि ते पवित्र शास्त्रातलंच होतं, कुणी सहसा न उघडणाऱ्या पानावरचं.

मध्यंतरी आमच्या वायरी उचलणारा एक मुलगा भेटला. यायचा बंद झालेला. मी विचारलं, काय रे, दिसत नाहीस. म्हणाला, “ताई, मी सध्या डीकन्स्ट्रक्शन करतोय.” देरिदा या फ्रेंच तत्त्वज्ञानं हा शब्द ग्रंथ वाचण्याच्या पद्धतीसाठी रूढ केला होता, आता इंटरनेटवर तो विश्वासाची एकेक वीट काढून बघण्यासाठी वापरतात. मी म्हटलं, मग इथे येऊन कर की, विटा इथेच आहेत. तो हसला. म्हणाला, “तिथे मी काही विचारलं ना, की सगळे माझ्यासाठी प्रार्थना करायला लागतात.”

त्या रात्री मी बॅग उपसली. चिठ्ठी चार्जरच्या कप्प्यात होती, घडीवर मळलेली.

पाळक साहेबांना मी सगळं सांगितलं, कमिटीच्या सूचनेसकट. ते रागावले नाहीत. 15 ही चिठ्ठ्या मागून घेतल्या. पुढच्या रविवारी प्रेषितांची कृत्ये, अध्याय 17, पौल अथेन्समध्ये. ‘अज्ञात देवाला’ लिहिलेली वेदी, ग्रीक कवींची त्यानं उद्धृत केलेली वचनं, संस्कृतीशी संवाद कसा साधावा याचा नेहमीचा धडा. शेवटी लोकांनी काय केलं ते मात्र उपदेशात सहसा येत नाही: काहींनी टर उडवली, काही म्हणाले पुन्हा कधी ऐकू, आणि थोड्यांनी विश्वास ठेवला, त्यात दामारी नावाची एक बाई. पाळक तिथवर आले आणि माझ्याकडे बघून मान हलवली. ठरल्याप्रमाणे मी चिठ्ठीचा फोटो पडद्यावर आणला. चौकटी, निळं पेन, गिरवलेला शब्द, सगळं भिंतीएवढं.

त्यांनी ती मोठ्यानं वाचली. मग म्हणाले, “हो. दोनदा.” एक वेळ त्यांनी सांगितली, ती त्यांची आहे, मी लिहिणार नाही. दुसरी म्हणाले अजून सांगता येत नाही. तेव्हा काय केलं? “पहिल्या वेळी काहीच केलं नाही. ठरलेल्या वेळी चर्चमध्ये येऊन बसत होतो. प्रार्थना येत नव्हती, म्हणून दुसऱ्यांची ऐकत होतो.” एवढंच बोलून त्यांनी गाणं सांगितलं. मला पुढची स्लाइड लावायला उशीर झाला, कुणी वळून बघितलं नाही.

कमिटीत यावर अजून बोलणं चालू आहे. खोका पुन्हा दाराशी ठेवलाय, आणि आता तो पाळक साहेब स्वतः, सगळ्यांसमोर उघडतात. मागच्या महिन्यात चार चिठ्ठ्या आल्या, त्यातली एक टवाळ. तीही वाचली.

ती पहिली चिठ्ठी लिहिणारा किंवा लिहिणारी त्या रविवारी हजर होती की नव्हती, मला कळायला मार्ग नाही. तरुण संघाची जुनी हजेरीवही माझ्याकडेच असते. अक्षर जुळतं का म्हणून मी सगळ्या सह्या दोनदा पाहिल्या. कुणाचंच जुळत नाही.